पतसंस्थेचे चार डबे, एक डबा २ लाख १० हजाराला पडला (पावत्या विकू नका)

आमच्या घरात स्टीलचे चार डबे आहेत, चांगले जाड पत्र्याचे, झाकणावर पतसंस्थेचं नाव आणि साल कोरलेलं, २०१४ ते २०१७. दर वर्षी वार्षिक सभेला गेलं की एक डबा मिळायचा. आता हिशोब केला तर माझे एकूण ८ लाख ४० हजार गेले, व्याज धरलंच नाही, म्हणजे एक डबा २ लाख १० हजाराचा झाला. हसू येतं पण रडूही येतं. लिहायचं कारण एवढंच की परवा आमच्याच भाऊबंदातला एक जण दुसऱ्या बुडीत संस्थेच्या ठेव पावत्या टक्क्यात, म्हणजे रकमेच्या थोड्याशा भागाला, विकायला निघाला होता, त्याला सांगू राहिलो तर म्हणे आप्पा तुम्ही पण विकल्याच होत्या ना. हो बाबा, विकल्या होत्या, म्हणूनच तर सांगतोय.

संस्थेचं नाव लिहिणार नाही, केस चालू आहे.

आम्ही धुळे-जळगाव हायवेच्या कडेचे शेतकरी. चौपदरीकरणात वावराची एक पट्टी गेली, २०१६ ला मोबदला हातात आला. थोडे विहिरीत गेले, थोडे पोरीच्या शिक्षणाला ठेवले आणि ११ लाख तालुक्याच्या पतसंस्थेत टाकले. सहा लाख मायच्या नावावर, दोन दोन लाखाच्या तीन पावत्या, पाच लाख माझ्या नावावर. बँकेत तेव्हा सात-साडेसात टक्के मिळायचं, इथे १२, आणि मायला ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का वर.

आता कोणी म्हणेल १२ टक्क्याला भुलला. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. आमच्या पिढीला सहकार म्हणजे काय तर वडिलांच्या काळातली एकाधिकार कापूस खरेदी. १९७२ ला सुरू झालेली ती योजना, कापूस द्यायचा आणि चुकाऱ्याची, म्हणजे मालाच्या पैशाची, वाट बघायची. चुकारा उशिरा यायचा, कधी तुकड्यात यायचा, वडील शिव्या द्यायचे, पण यायचा. गावातली विकासो, म्हणजे पीककर्ज देणारी सोसायटी, पण तशीच, जूनमध्ये पीककर्ज मार्चमध्ये भरणा. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की सहकारात पैसा अडकतो पण बुडत नाही. जिल्ह्यात आधीच कितीतरी पतसंस्था बुडालेल्या, ठेवीदारांचे मोर्चे उपोषणं पेपरात वाचत होतो तरी वाटायचं त्या जळगावकडच्या, आपली वेगळी.

आणि पिग्मीवाला, म्हणजे घरोघरी रोजची बचत गोळा करणारा, पोरगा आमच्याच गल्लीतला. रोज संध्याकाळी मशीन घेऊन ओट्यावर बसायचा, चहा प्यायचा. "कायजी नको करू आप्पा, आपलीच संस्था शे." त्याला दोष देत नाही. त्याच्या सासूचे पण दीड लाख त्यातच आहेत.

२०१३ ला मी सोनंतारण कर्ज घेतलं होतं, त्यात शेअर्सची रक्कम कापली, त्यामुळे मी पक्का सभासद होतो, सभेला मतदानाचा हक्क असलेला. मायला मात्र ठेव ठेवताना नाममात्र सभासद केलं, एका कागदावर अंगठा घेतला. नाममात्र सभासदाला मत नसतं हे मला नंतर कळलं. संस्थेतला जवळपास सगळा पैसा असाच बिनमताच्या लोकांचा, आणि मतवाले कोण तर संचालकांचे नातेवाईक, त्यांचे सालदार, आणि माझ्यासारखे कर्जवाले. एक सभासद एक मत असं सहकाराचं मोठ्या अभिमानाने सांगतात, पण ज्याचा पैसा त्याला मतच नाही तर काय उपयोग.

सभा कशी व्हायची ते सांगतो. सप्टेंबरमध्ये, ३० तारखेच्या आत घ्यावीच लागते म्हणून. मंगल कार्यालयाच्या दारात टेबल, टेबलावर रजिस्टर, सही केली की कुपन, कुपन दिलं की डबा आणि जेवण. डबा बाहेर दिला तर लोक तिथूनच पळतील म्हणून शेवटी द्यायचे एवढी शिस्त होती. आत सेक्रेटरी विषय वाचायचा, विषय नंबर चार, मागील लेखापरीक्षणाचा दोष दुरुस्ती अहवाल वाचून कायम करणे, मंजूर मंजूर मंजूर, वाचायचं कोणी नाही. विषय पाच, लेखापरीक्षकाची नेमणूक, मंजूर मंजूर. कोणी उठून बोलायला लागला की मागून आवाज, ओ बसा आता, भाजी थंडी व्हई राहिनी. चार वर्षांत तो आवाज एकदा माझा पण होता. लाज वाटते पण खरं आहे.

नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. पतसंस्था म्हणजे बँक नाही, तिला जुन्या नोटा घेता येईनात, आणि संस्थेचा हाताशी असलेला पैसा जिल्हा बँकेत, तिथे पण १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा बंद. चेअरमनला आयतं निमित्त मिळालं. वर्षभर तेच, नोटाबंदीमुळे अडचण आहे, मार्चनंतर देतो, कापूस निघाला की देतो. पावती मुदत संपून गेली की हसत हसत नवी करून द्यायचे. २०१८ च्या उन्हाळ्यात व्याज बंद झालं. पावसाळ्यात एक दिवस शटर अर्धं ओढलेलं, आत एक शिपाई. दिवाळीनंतर संचालक मंडळ बरखास्त, प्रशासक आला.

तेव्हा कुठे मी संस्थेचे वार्षिक अहवाल काढले. चारही सापडले, कारण बायको डब्याच्या तळाला तेच घालायची, वरती बिबड्या. शेजारी एक नाना राहतात, आयुष्यभर सोसायटीचे गटसचिव, म्हणजे हिशोब सांभाळणारे, होते, त्यांच्याकडे घेऊन गेलो. नानांनी चष्मा पुसला, कव्हर बघितलंच नाही, कव्हरवर लाल अक्षरात 'ऑडिट वर्ग अ' छापलेलं. सरळ मागच्या बाजूने उघडलं. बोट ठेवलं ते 'येणे व्याज' या ओळीवर. तीन कोटी दहा लाख. मग पान उलटून नफा, एकेचाळीस लाख. म्हणे हे बघ, कर्जदाराने व्याज भरलंच नाही, यांनी नुसतं वहीत लिहून घेतलं की येणार आहे, आणि ते उत्पन्न धरून नफा दाखवला. त्या नफ्यातून तुला लाभांश दिला. म्हणजे तुझ्या मायच्या ठेवीतलेच पैसे तुला लाभांश म्हणून दिले, आणि डबा पण त्यातलाच.

चारही वर्षाचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले तर येणे व्याज दर वर्षी फुगत गेलेलं, अगदी आंधळ्याला दिसेल असं. मी विचारलं मग थकबाकी एवढी कमी कशी, चारच टक्के दाखवलीय. नाना म्हणे नवं-जुनं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुनं कर्ज भरलं असं दाखवायचं आणि त्याच माणसाला, नाहीतर त्याच्या बायकोला, व्याजासकट मोठं नवं कर्ज द्यायचं. पैसा तिजोरीतून हलत पण नाही, फक्त व्हाउचर फिरतं, आणि १ एप्रिलला तो माणूस नियमित कर्जदार. मग संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडील कर्ज असा रकाना, त्यात आकडा छोटाच. पण नानांनी कर्जदारांची नावं आठवून आठवून सांगितली, हा याचा साडू, हा त्याच्या जिनिंगचा भागीदार, ही अमक्याच्या भाच्याची बायको. साडू कायद्यातल्या नातेवाइकात बसतो का नाही माहीत नाही, गावात बसतो.

आणि ऑडिटर? पूर्वी सरकार नेमायचं, पण सहकार कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीनंतर सरकारच्या पॅनलवरचा ऑडिटर सभेनेच निवडायचा. म्हणजे तो विषय पाच, मंजूर मंजूर. ज्याची तपासणी करायची त्यानेच तपासणारा निवडायचा आणि आपण भाजीची वाट बघत हात वर करायचा. 'अ' वर्ग मिळणार नाही तर काय. तारणाचं तर प्रशासक आल्यावर कळलं, कोरडवाहू वावर, किंमत लावलेली बिनशेती प्लॉटची, आणि कित्येक ठिकाणी सातबाऱ्यावर संस्थेचा बोजाच चढवलेला नाही, कर्जदाराने ते वावर विकून पण टाकलेलं.

इथपर्यंतची फसवणूक संचालकांनी केली. पुढची मी स्वतः ओढवून घेतली आणि खरं तर त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

२०१९ ला माय ओसरीत पडली, खुब्याचं ऑपरेशन सांगितलं. संस्थेत अर्ज केला, दवाखान्याचे कागद जोडले, चार चकरा मारून माझ्या खात्यातून ५० हजार मिळाले. तेवढ्यात एक जण घरी आला, बोलायला फार गोड, पांढरा शर्ट, मायची तब्येत विचारली, सोबत केळी आणलेली. म्हणे संस्थेत आता काही राहिलं नाही, अवसायक (संस्था गुंडाळणारा अधिकारी) बसला की दहा वर्षं गेली, मी तुमच्या पावत्या ३५ टक्क्यात घेतो, रोख, आज. मी विचारलं तुम्ही बुडीत पावत्या घेऊन करणार काय? म्हणे आम्ही वाट बघू शकतो, तुम्ही नाही.

मायच्या तिन्ही पावत्या दिल्या. सहा लाखाचे २ लाख १० हजार मिळाले. पावतीच्या मागे मायचा अंगठा, आणि शंभराच्या स्टॅम्पवर टाइप केलेलं आणलेलंच होतं, मी घाईत वाचलं नाही, वाचलं असतं तरी सही केली असती कदाचित, डॉक्टर ॲडव्हान्स मागू राहिले होते.

तो वाट बिट काही बघणार नव्हता. खेळ असा आहे. समजा एका कर्जदाराकडे संस्थेचे ६० लाख येणे आहेत. दलाल तुमच्या आमच्या ६० लाखाच्या पावत्या ३५ टक्क्यात गोळा करतो आणि त्या कर्जदाराला ४५ टक्क्यात देतो. कर्जदाराला पडले २७ लाख. तो पावत्या घेऊन संस्थेत जातो आणि त्या त्याच्या कर्जात पूर्ण शंभर टक्क्याने वळत्या होतात, मॅचिंग म्हणतात त्याला. कर्ज निल, बोजा कमी, प्लॉट मोकळा. २७ लाखात ६० लाखाचं कर्ज फिटलं आणि संस्थेच्या हातात रोख एक रुपया आला नाही. आणि हे कर्जदार कोण, तर ज्यांच्याकडून वसूल होऊ शकलं असतं असे, ज्यांचे शहरात गाळे आहेत प्लॉट आहेत तेच. त्यांच्याकडून रोख आली असती तर सगळ्या ठेवीदारांना थोडं थोडं वाटता आलं असतं, माझ्या राहिलेल्या साडेचार लाखाला पण. म्हणजे मायच्या पावत्या विकून मी माझ्याच पावतीचा गळा दाबला. ज्यांनी विकल्या नाहीत त्यांचा पण.

ही साडूवाली मंडळी अशीच सुटली. माझ्या पावत्या नेमक्या कोणाच्या कर्जात गेल्या तेही नंतर कळलं, मोठा माणूस आहे, लग्नात भेटतो, नमस्कार करतो.

नंतर ठेवीदारांनी मिळून तक्रार केली, १९९९ चा ठेवीदार संरक्षणाचा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात, त्यात गुन्हा दाखल झाला, संचालकांच्या मालमत्ता जप्त करता येतात त्यात. मी मायचं नाव पण द्यायला गेलो. पोलीस स्टेशनातल्या साहेबांनी स्टॅम्पची झेरॉक्स समोर ठेवली, 'मला ठेवीची संपूर्ण रक्कम व्याजासह मिळाली असून माझी कोणतीही तक्रार नाही.' संपूर्ण रक्कम. व्याजासह. खाली मायचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून माझी सही.

त्यामुळे कोणी कितीही अडचणीत असो, पावती टक्क्यात देऊ नका, आणि द्यायचीच वेळ आली तर त्या कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्या, 'संपूर्ण' हा शब्द असेल तर उठून जा. मूळ पावती कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि ज्यांचा पैसा अजून कुठे ठेवलेला आहे त्यांनी पहिले बघा की ती बँक आहे का पतसंस्था. सहकारी बँक असेल तर ठेव विमा असतो, २०२० पासून ५ लाखापर्यंत, आधी एकच लाख होता. पतसंस्थेला हा विमा नाहीच. मला काउंटरवर 'तुमची ठेव विमा संरक्षित' असं सांगितलेलं, तो विमा संस्थेच्या कॅशचा आणि फर्निचरचा होता. पाटी पण मोठी होती. मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी, असेल तर अजून सांभाळून, तिचा निबंधक दिल्लीला बसतो, तालुक्याच्या एआर (सहाय्यक निबंधक) ऑफिसात गेलं तर आमच्याकडे येत नाही म्हणतात.

अहवाल मागा. सभासद असाल तर ताळेबंद, नफातोटा, सभेचं इतिवृत्त बघायचा हक्क आहे, सहकार कायद्याचं कलम ३२, आणि नानांसारखा एखादा म्हातारा गटसचिव गावोगावी असतो, त्याला चहा पाजा. येणे व्याज बघा. आमच्या जिल्ह्यात आजही चांगल्या चालणाऱ्या संस्था आहेत, मी सगळ्यांना चोर म्हणत नाही, नानांच्या स्वतःच्या ठेवी एका पतसंस्थेत आहेत, व्याज बँकेपेक्षा थोडंसंच जास्त, आणि सभेला डबा देत नाहीत.

आता सद्यस्थिती. कलम ८३ ची चौकशी झाली, ८८ खाली संचालकांवर रकमेची जबाबदारी निश्चित झाली, ते अपिलात गेले, स्टे आहे. त्यातले दोन वारले. पिग्मीवाला पोरगा पुण्याला एका कंपनीत लागला. मायला अजून सांगितलेलं नाही की तिच्या पावत्या विकल्या, तिला वाटतं अंगठा दवाखान्याच्या कागदावर घेतला. मी तारखेला जळगावला जाऊन आलो की ओट्यावरून विचारते, "चुकारा उना का रे?" मी म्हणतो, नाही अजून, पुढच्या महिन्यात म्हणू राहिले.