थंड डांबराची २५ किलोची पिशवी: माल बरा, वापर वाईट

पावसाळ्यात हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचा माल, वापरणं अवघड होतं. खडी भिजलेली असते, ती वाळवण्यातच इंधन जातं, आणि डंपर हडपसर किंवा सिंहगड रोडच्या गर्दीतून खड्ड्यापाशी पोचेपर्यंत माल गार पडलेला असतो. मग जूनपासून पुण्यात सगळीकडे दिसू लागते ती तयार कोल्डमिक्सची, गरम न करता वापरायच्या डांबर-खडीची, पिशवी. महापालिकेच्या टेम्पोत तीच आणि सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमागे रचून ठेवलेली पण तीच. 'फोडा, ओता, ठोका, गाडी सोडा' असं सांगून ती विकली जाते. चारातलं तिसरं काम बहुतेक वेळा होतच नाही.

बाजारात मुख्यतः दोन जाती. एकात डांबर रॉकेलसारख्या द्रावकाने पातळ केलेलं असतं (कटबॅक), दुसऱ्यात ते पाण्यात मिसळलेलं असतं (इमल्शन). इमल्शनच्या मालातलं पाणी निघून गेल्याशिवाय तो पकडत नाही, म्हणून झडीच्या दिवसांत कटबॅकची पिशवीच घ्यावी. तिच्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ११६ हे २०१४चं मानक आहे. पिशवीवर त्याचा उल्लेख नसेल तर दुकानदाराला विचारा. उत्पादनाची तारीख बघा. पिशवी हाताने दाबून बघा: आत दगडासारखा गोळा झाला असेल तर माल जुना. मूठभर माल दाबला की लाडू वळला पाहिजे आणि बोटांना काळं लागलं पाहिजे. लाडू न वळता नुसती काळी कच गळत असेल तर डांबर कमी पडलंय.

आता हिशोब, कारण फसगत इथेच होते. ६० बाय ६० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर खोल खड्डा म्हणजे ०.०१८ घनमीटर. ठोकून बसलेला माल घनमीटरला साधारण दोन टन भरतो. म्हणजे ३६ किलो, आणि वर थोडा उंचवटा ठेवायचा तर ४० किलो. दीड पिशवीहून जास्त. प्रत्यक्षात एकच पिशवी ओतली जाते, ती फावड्याने पसरली जाते, आणि पहिली पीएमपी बस त्यावरून गेली की खड्ड्याच्या जागी बशी तयार होते.

बसवण्याची रीत अशी. खड्ड्याभोवतीचा सैल झालेला भाग धरून चौकोन आखायचा आणि कटर किंवा छिन्नीने कडा उभ्या कापायच्या. गोल, उतरत्या कडा ठेवल्या तर काठाशी माल नखाएवढा पातळ होतो, आणि उखडायला सुरुवात तिथूनच होते. मग आतलं पाणी घमेल्याने उपसायचं, चिखल आणि मुरूम खराट्याने काढायचा, तळ टणक लागेपर्यंत. तळ कोरडा असेल तर टॅककोट, म्हणजे माल चिकटावा म्हणून इमल्शनचा पातळ हात, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. इमल्शन तपकिरीचं काळं झालं की माल टाकायचा. खोली ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर दोन थर, आणि प्रत्येक थरावर धुम्मस. प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून माल दाबणारं यंत्र) मिळाला तर उत्तमच. फावड्याच्या पाठीने थोपटणं म्हणजे ठोकणं नव्हे. शेवटी सेंटिमीटरभर उंच ठेवून वर कच भुरभुरवायची, नाहीतर माल टायरला चिकटून पुढच्या चौकात जातो.

'पाण्यातही चालते' हा विकणाऱ्यांचा दावा अर्धा खरा. साचलेल्या पाण्यात माल टाकला तर तो पाणी बाजूला सारून बसतो, वाहत्या पाण्यात बसत नाही. खड्ड्याच्या बुडाशी गळकी जलवाहिनी किंवा खचलेलं चेंबर असेल तर पिशव्या मोजत बसू नका, आधी गळती काढा. पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यात तर ही पिशवी वापरूच नये. ब्लॉक हलतात आणि डांबर त्यांच्यासोबत भेगाळतं.

पुलावर मात्र जास्त सांभाळायला हवं. दोन स्लॅबमधला जो सांधा गाडीला दणका देतो, त्यात पिशवी रिकामी केलेली सर्रास दिसते. तो एक्स्पान्शन जॉइंट आहे. उन्हात पूल फुगतो त्यासाठी ती फट ठेवलेली असते. ती डांबराने बुजवली की माल तर उखडतोच, शिवाय जॉइंटची रबरपट्टी फाटून पाणी खालच्या, स्लॅबचा भार पेलणाऱ्या बेअरिंगवर उतरतं. दुसरी खोड म्हणजे जुना थर न खरवडता वर नवा चढवणं. हॉटमिक्सचा ५ सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला सुमारे ११५ किलो. १०० मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद पुलावर तेच ८६ टन होतात, आणि हे ओझं कायमचं. वर पाणी निघायच्या भोकांवरही डांबर चढतं ते वेगळंच.

म्हणून या पिशवीला आमची पसंती आहे ती एका हंगामापुरती. पाऊस उघडला की तीच जागा कापून हॉटमिक्सने भरायला हवी. ते होत नाही आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यावर नवी पिशवी फुटते. किलोमागे हॉटमिक्सच्या कित्येक पट पैसे मोजून.

आणि ती कुणाच्या पैशाने फुटते? रस्ता दोषदायित्व कालावधीत (काम झाल्यावर त्यातले दोष ठेकेदारानेच दुरुस्त करायच्या मुदतीत) असेल तर खड्डा बुजवायचा खर्च ठेकेदाराचा, पालिकेच्या भांडारातली पिशवी तिथे लागताच कामा नये. कामाच्या फलकावर ठेकेदाराचं नाव आणि हा कालावधी वाचून फोटो काढून ठेवा. कालावधी संपला असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ने सार्वजनिक रस्ते आणि पूल सांभाळणं पालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरवलेलं आहे, मर्जीचं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली, आणि कळवलेला खड्डा ४८ तासांत बुजवायला सांगितलं. तेव्हा तक्रार करताना वेळ नोंदवा. ('जंगली महाराज रस्ता पण पुण्यातच झाला' हे वाक्य इथे कुणीतरी ऐकवणारच, त्या रस्त्याला वर्षानुवर्षं खड्डा पडला नाही म्हणून. सत्तरच्या दशकात दहा वर्षांची हमी लिहून घेऊन तो करून घेतला होता, हे मात्र सांगायचं राहतं.)

सोसायटीच्या आतला रस्ता पालिकेकडे हस्तांतरित झाला नसेल तर खर्च सभासदांचा. तिथे चार-पाच खड्ड्यांसाठी आठ-दहा पिशव्या आणि एक दिवस भाड्याचा प्लेट कॉम्पॅक्टर एवढी तयारी ठेवा. उरलेली पिशवी उघडी ठेवू नका. तोंड बांधून सावलीत, फळीवर. ऑक्टोबरात हॉटमिक्सवाल्याला बोलवायची तारीख त्याच दिवशी सोसायटीच्या वहीत लिहून टाका.