डॉलर बँकेत जमा झाले होते, तरी ते माझे नव्हते

मी मिरजेत हार्मोनियम शिकवते. लॉकडाऊनमध्ये अभंगांचे धडे यूट्यूबवर टाकायला लागले आणि ऐकणारे पार न्यू जर्सी, दुबई, मेलबर्नपर्यंत निघाले. त्यांना पैसे देता यावेत म्हणून परदेशी कार्डं चालणाऱ्या एका सेवेत खातं उघडलं. पॅन दिला, पैसे कशासाठी येणार ते सांगणारा पर्पज कोड निवडला, बँक खातं जोडलं. आलेले डॉलर तिथे साठवून ठेवता येत नाहीत. रुपये होऊन ते आपोआप बँकेत येतात. माझी चूक नेमकी इथेच झाली. बँकेत आले म्हणजे व्यवहार पुरा झाला, असं मी धरून चालले.

गणपतीच्या सुमारास अमेरिकेतून एकाचा मेसेज आला. आईच्या पंच्याहत्तरीसाठी भैरवीतले चार अभंग वाजवून, रेकॉर्ड करून हवे होते. ६० डॉलर ठरले, आले ६००. दहाच मिनिटांत पुन्हा मेसेज: "ताई, एक शून्य जास्त पडलं हो!" कार्डावर रिफंड यायला पंधरा दिवस लागतील, पुण्यात मावसभावाला दवाखान्यात डिपॉझिट भरायचंय, तर जादाचे पैसे त्यालाच यूपीआयने पाठवाल का?

मराठी बोलणारा माणूस, आईची पंच्याहत्तरी, वर दवाखाना. दिवाळीला आपणहून शंभर डॉलर पाठवणारे श्रोते मला भेटलेत, त्यामुळे शंका आलीच नाही. तरी मी दोन दिवस थांबले. कमिशन आणि डॉलर बदलण्याचा खर्च कापून ४५,७०० रुपये बँकेत जमा झाले, तेव्हाच ४३,००० त्या भावाला पाठवले. चारही अभंग मन लावून वाजवले.

दीड महिन्याने त्या सेवेचा ईमेल आला. कार्डाच्या खऱ्या मालकाने "हा व्यवहार मी केलेला नाही" अशी तक्रार त्याच्या बँकेकडे केली होती. कार्ड चोरीचं होतं. अशा तक्रारीवरून पैसे परत ओढले जातात, त्याला चार्जबॅक म्हणतात. कार्डाने आलेला पैसा असा काही महिन्यांनीसुद्धा परत ओढला जातो, तोवर आपण तो रुपयांत काढून घेतलेला असला तरी. मी रेकॉर्डिंग, मेसेज सगळं पुरावा म्हणून पाठवलं. उपयोग झाला नाही, कारण मी काम केलं की नाही हा प्रश्नच नव्हता; ज्याचे पैसे गेले त्याने ते काम सांगितलंच नव्हतं. माझं खातं उणे ६०० डॉलर झालं. पुढचे तीन महिने श्रोत्यांनी प्रेमाने पाठवलेला प्रत्येक डॉलर ती तूट भरण्यात गेला. मिळताना कमिशन कापलं गेलं होतं, भरावे मात्र पूर्ण ६०० डॉलर लागले; त्यामुळे हातात राहिलेले २,७०० वजा केले तरी सत्तेचाळीस हजारांच्या वर फटका बसला. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण ही हेल्पलाइन पैसे पुढे सरकण्याआधी गोठवू शकते, आणि मी दीड महिना उशिरा पोचले होते. बँकेने सांगितलं, यूपीआय पिन तुम्हीच टाकलात. खरंच होतं ते.

नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा लक्षात आलं: मेसेज करणाऱ्याचं नाव एक, पैसे आलेल्या पावतीवर दुसरं, यूपीआयवर तिसरं. तीनही नावं माझ्या मोबाइलवर पहिल्या दिवसापासून होती.

आणि रिफंड? तो त्याच व्यवहारातून, त्याच कार्डावर करायचा असतो. त्या व्यवहाराच्या पानावर रिफंडचं बटण असतं. पंधरा दिवस लागोत की महिना, पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने जाऊ द्यावेत. मावसभाऊ, मित्र, ट्रस्ट, कुणाचंही दुसरं खातं पुढे केलं गेलं की तिथेच थांबा.

गेल्या महिन्यात पुन्हा एकाने ४० ऐवजी ४०० डॉलर पाठवले आणि नाशिकच्या बहिणीचा यूपीआय आयडी दिला. मी सगळे चारशे रिफंड केले आणि लिहिलं, "आता बरोबर चाळीस पाठवा, मग लगेच धडा पाठवते." त्यावर त्याचं उत्तर आलेलं नाही.