रिग्ली फील्ड आणि भोवतालचे पब : एका हंगामाचा खाण्याचा अनुभव

एप्रिल ते सप्टेंबर या काळात मी शिकागोच्या रिग्ली फील्डवर कब्स या बेसबॉल संघाचे अकरा सामने पाहिले आणि त्या प्रत्येक दिवशी एक जेवण मैदानात किंवा शेजारच्या गल्ल्यांतल्या पबमध्ये केले. १९१४ साली उभ्या राहिलेल्या या मैदानावर १९८८पर्यंत प्रकाशझोतच नव्हते. आजही येथे बरेच सामने दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी सुरू होतात, त्यामुळे 'जेवून जायचे की तिथेच जेवायचे' हा प्रश्न दर वेळी पडतो.

मैदानातला खरा मान शिकागो पद्धतीच्या हॉट डॉगचा. खसखस लावलेल्या पावात गोमांसाचे सॉसेज, त्यावर पिवळी मोहरी, डोळ्यांत भरेल अशा हिरव्या रंगाची रेलिश (काकडीच्या लोणच्याची बारीक चिरलेली गोडसर चटणी), कांदा, टोमॅटो, काकडीच्या लोणच्याची लांब फोड, मुरवलेल्या लहान मिरच्या आणि शेवटी सेलरी मीठ. केचप मात्र मागू नये, मागितल्यास शेजारचा अनोळखी माणूसही समजूत काढू लागतो. हे सॉसेज १८९३च्या जागतिक प्रदर्शनात शिकागोकरांच्या तोंडी लागले, म्हणजे विवेकानंदांनी जेथे भाषण केले त्या धर्मपरिषदेच्याच वर्षी. जुलैमध्ये आई आली होती आणि ती शाकाहारी असल्याने आम्ही सॉसेज वगळून बाकी सर्व पावात घालून मागितले. विक्रेत्याने भुवया उंचावल्या, पण दिले. मिरच्या आणि खसखस यांमुळे आईला ते आवडले, मला मात्र तो पाव पोरका वाटला.

बिअरसाठी येथे दहा डॉलरहून अधिक मोजावे लागतात आणि नाचोजवरचे चीज हे चीज आहे असे मानण्यासाठी मोठे मन लागते. सुदैवाने बाहेरचे खाणे लहान पिशवीतून आत नेता येते, ही मुभा वानखेडेवर शेंगांची पुडी दारातच सोडावी लागलेल्या माणसाला विशेष जाणवते. तिसऱ्या सामन्यापासून भाजलेल्या शेंगा मी बाहेरूनच घेऊ लागलो.

पबबद्दल माझे मत असे की मैदानाला लागून असलेल्या क्लार्क रस्त्यावर सामन्याच्या दिवशी जेवू नये. त्या दिवशी मेनू आखडलेला असतो, पेये प्लॅस्टिकच्या पेल्यांत येतात आणि बोलायचे तर ओरडावे लागते. पंधरा मिनिटे पश्चिमेकडे चालत गेल्यावर लागणाऱ्या साध्या टॅव्हर्नमध्ये, म्हणजे वस्तीतल्या छोट्या पबमध्ये, मात्र पातळ, कुरकुरीत आणि वड्या पाडल्यासारखा चौकोनी कापलेला पिझ्झा मिळतो. बाहेरगावी शिकागोचे नाव जाड, खोलगट पिझ्झ्याशी जोडले जाते, पण येथील माणसे घरी मागवतात तो बहुधा हा पातळ. त्यावर जार्दिनेरा, म्हणजे मिरची, फ्लॉवर, गाजर आणि सेलरी यांचे तेलात मुरवलेले लोणचे, अवश्य मागावे. आमच्या मिश्र भाज्यांच्या लोणच्याचे ते इटालियन चुलत भावंड शोभेल.

एक तक्रार आहे. एका पबमध्ये बिलात वीस टक्के सेवाशुल्क आधीच धरलेले होते आणि तरीही कार्डाच्या यंत्राने पुन्हा टिप विचारली. गर्दीत मी ती देऊन बसलो आणि चूक घरी आल्यावर ध्यानात आली. तेव्हापासून यंत्रावर बोट ठेवण्यापूर्वी मी छापील बिल मागून घेतो.