ठसे मुलाचे, अहवाल पालकांचा : एका ‘डीएमआयटी’ चाचणीचा अनुभव

बोटांच्या ठशांवरून मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता आणि त्याला साजेसे करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’ ही चाचणी आठवीतल्या माझ्या भाच्यासाठी करून घ्यायचे ताई आणि भावजींनी ठरवले, तेव्हा नाशिकमधील त्या केंद्रात मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. शुल्क साडेसहा हजार रुपये होते आणि त्यात चाचणी, चाळीसेक पानांचा रंगीत अहवाल व तासाभराचे समुपदेशन यांचा समावेश होता. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही सेवा अनेक शहरांत थोड्याफार फरकाने अशीच विकली जाते आणि माझा आक्षेप एका दुकानापुरता नाही.

व्यवस्थेत खोट काढण्यासारखे काही नव्हते. दिलेली वेळ पाळली गेली आणि कर्मचारी अदबीने बोलत होते. स्कॅनरवर दहाही बोटांचे ठसे वेगवेगळ्या बाजूंनी घेतले गेले, त्यानंतर तळव्यावरील तीन ठरावीक बिंदूंमधला तथाकथित ‘एटीडी कोन’ मोजण्यासाठी पंजांचेही ठसे घेण्यात आले. या सगळ्या वेळात मुलाला त्याचे नाव आणि इयत्ता यांपलीकडे काहीही विचारले गेले नाही. पालकांसाठी मात्र दोन पानी अर्ज होता आणि त्यात ‘पाल्याकडून आपल्या अपेक्षा’ असा ऐसपैस रकाना होता. ताईने त्यात ‘वैद्यकीय क्षेत्र’ असे लिहिले.

आठवड्याने अहवाल आला, त्यात बुद्धिमत्तेच्या प्रत्येक प्रकाराची टक्केवारी दशांश चिन्हानंतरच्या एका अंकापर्यंत दिलेली होती. समुपदेशक महोदयांनी तो उघडण्यापूर्वी अर्जावर नजर टाकली, ताई-भावजींशी त्यांच्या शिक्षणाविषयी बराच वेळ गप्पा मारल्या आणि मग जाहीर केले की मुलाची निसर्गविषयक बुद्धिमत्ता उत्तम असल्याने जीवशास्त्र, आणि अर्थातच वैद्यकशास्त्र, हा त्याचा नैसर्गिक मार्ग आहे. तीच टक्केवारी दाखवून एखाद्या शेतकरी बापाला कृषी पदवी सुचवता आली असती, असे मला त्याच क्षणी वाटले. भाच्याने एकच प्रश्न विचारला, “माझं बोट कापलं तर बुद्धी बदलेल का?” त्यावर सगळे हसले आणि उत्तर द्यायचे राहून गेले.

प्रश्न खरे तर रास्त होता. बोटांवरील रेषा गर्भावस्थेतच पक्क्या होतात आणि वरवरची जखम भरल्यावर पुन्हा तशाच उमटतात, म्हणूनच गुन्हे तपासात त्यांचा उपयोग होतो. या रेषांच्या अभ्यासाला 1926 मध्ये शास्त्रज्ञ हॅरल्ड कमिन्स यांनी ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ असे नाव दिले आणि डाउन सिंड्रोमसारख्या जन्मजात स्थितींच्या संदर्भात तो अभ्यास खरोखर झालेला आहे. ही चाचणी ज्याचा आधार सांगते त्या, मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तांच्या (बुद्धिमत्ता एक नसून अनेक प्रकारची असते या) सिद्धांताशी मात्र त्या अभ्यासाचा काही संबंध नाही. अमुक बोट म्हणजे मेंदूचा अमुक भाग आणि म्हणून अमुक बुद्धिमत्ता, ही जोडणी विक्रेत्यांची आहे. या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही जाहीरपणे सांगितले आहे. आमची आजी शंख-चक्रे मोजून भविष्य सांगायची, पण ती त्याचे पैसे घेत नसे.

तरीही हा माल खपतो, आणि का खपतो ते मला आमच्याच घरात दिसते. आमच्या वडिलांना डॉक्टर व्हायचे होते, पण 1972 च्या दुष्काळात त्यांची शाळा सुटली आणि ते सातपूरच्या कारखान्यात कामाला लागले. ताई 1996 मध्ये बारावी झाली. त्या वेळी सीईटी ही प्रवेश परीक्षा नव्हती, बोर्डाच्या ‘पीसीबी’च्या (भौतिक, रसायन व जीवशास्त्राच्या) गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळत असे, आणि तिची सरकारी महाविद्यालयातील जागा थोडक्यात हुकली. खासगी महाविद्यालयातील ‘पेमेंट सीट’ वडिलांच्या पगारात बसणारी नव्हती. बी.एड. करून ताई उत्तम शिक्षिका झाली, पण वडील पाहुण्यांना आजही तिची ओळख “थोडक्यात मेडिकल हुकलं हिचं” अशीच करून देतात. ज्या ताईने हे वाक्य इतकी वर्षे खाली मान घालून ऐकले, तिनेच त्या रकान्यात ‘वैद्यकीय क्षेत्र’ लिहिले. यात दुष्टपणा नाही. आपल्याला कमी लेखले गेले ते निदान मुलाच्या वाट्याला येऊ नये, अशी ही भीती आहे, आणि या सेवेचा खरा ग्राहक ती भीतीच आहे.

या चाचणीवरचा माझा मुख्य आक्षेप म्हणूनच तिच्या अशास्त्रीयतेपेक्षा वेगळा आहे. आजवर आई-वडिलांची इच्छा ही निदान त्यांची इच्छा म्हणून ओळखू येत होती. मूल तिच्याशी भांडू शकत होते, आणि अपयश आलेच तर ‘मला ते जमणारे नव्हते’ एवढे म्हणण्याची सोय त्याला होती. अहवालाने तीच इच्छा मुलाच्या कातडीवर लिहिलेली असल्याचे सांगितले की ती सोय संपते, कारण यापुढे कमी गुण मिळाले तर ‘क्षमता होती, तू वाया घालवलीस’ असेच ऐकावे लागणार. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला 2024 मध्ये 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. हे गणित चाळीस पानांत कुठेही नव्हते.

समुपदेशनाच्या शेवटी एका क्लासच्या आठवीच्या ‘फाउंडेशन बॅच’चे सवलतीचे कुपन हाती ठेवण्यात आले. कोचिंग केंद्रांनी सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, असे केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मी ते बोलून दाखवले तेव्हा ‘हा क्लास नाही, ॲक्टिव्हिटी आहे’ असे उत्तर मिळाले.

मुलाचा कल खरोखर जाणून घ्यायचा असेल, तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांकडून होणाऱ्या अभिक्षमता चाचण्या उपलब्ध आहेत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेत हे काम पूर्वीपासून चालते. त्यांत मूल स्वतः बसून प्रश्न सोडवते, त्याच्या आवडीनिवडी विचारल्या जातात आणि निष्कर्ष संभाव्यतेच्या भाषेत सांगितले जातात. त्याही चाचण्या अंतिम शब्द नव्हेत, पण त्यांत मुलाला निदान तोंड उघडता येते.

केंद्राला पाचपैकी एक तारा देत आहे, तो वक्तशीरपणासाठी. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘हा अहवाल केवळ मार्गदर्शनासाठी असून त्यावर आधारित निर्णयांची जबाबदारी संस्थेवर राहणार नाही’ असे छापलेले आहे. पैसे भरण्यापूर्वी नमुना अहवाल मागून घ्यावा आणि वाचनाची सुरुवात त्या पानापासून करावी. ताईने धाकट्या मुलीसाठी केलेली नोंदणी आता रद्द केली आहे, तिची आगाऊ रक्कम मात्र परत मिळालेली नाही.