न्यूयॉर्क: थेट की दुबईमार्गे?

कोथरूडच्या काकूंना लेकीकडे न्यूयॉर्कला जायचंय. थेट जावं की दुबईमार्गे, ठरेना. आधी मुंबई गाठायचीच, त्याचे चार तास दोन्हीकडे धरा.

अंतर मुंबईहून थेट सुमारे 12,500 किलोमीटर. दुबईमार्गे जेमतेम 400 जास्त, कारण दुबई जवळपास वाटेवरच. वेळेत मात्र फरक पडतो: थेट 16 तासांच्या आसपास, दुबईमार्गे 3 आणि 14, वर तिथलं ताटकळणं. म्हणजे 20 तरी झालेच.

गुडघ्यांचं म्हणाल तर उलट. एका खुर्चीत 16 तास बसून काकूंचे पाय सुजतात. दुबईत चार पावलं चालता तरी येतं. पण एकटं जाणार, गेट शोधायची धास्ती असेल, तर थेटच बरं. व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवा. सोबत कुणी असेल नि तिकिटात बरीच बचत होत असेल, तर दुबई.