कोलाडला दुपारची राफ्टिंग बॅच घेण्याआधी हे वाचा

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही सहा जण डोंबिवलीहून कोलाडला राफ्टिंगला गेलो. 9,000 रुपये मोजले आणि पाणी ओसरलेल्या कुंडलिका नदीत रबरी बोट ढकलून परत आलो. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच. पण माझा 11 वर्षांचा भाचा त्या बोटीत होता, आणि म्हणून हे लिहिते आहे.

जाहिरात मोबाईलवर दिसली होती. "सर्व लेव्हलसाठी राफ्टिंग, पोहता येत नसलं तरी चालेल, 14 किलोमीटर, 10 रॅपिड." रॅपिड म्हणजे नदीतला वेगवान, उसळत्या पाण्याचा टप्पा. मी फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. सकाळी सहाला निघणं जमणार नाही म्हटल्यावर लगेच म्हणाला, "ताई, दुपारी दोनची बॅच आहे ना, आरामात या." भाच्याचं वय सांगितलं, तर म्हणाला, "चालतंय, लहान मुलं खूप येतात." निम्मे पैसे त्याने एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात यूपीआयने मागवले, मी पाठवले. ना पावती, ना कंपनीचं नाव. तेव्हा मला खटकायला हवं होतं.

कुंडलिकेतलं राफ्टिंग पावसावर चालत नाही, हे मला नंतर कळलं. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं. हे केंद्र 1927 पासून सुरू आहे, आणि सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्ध होता. वीज तयार झाल्यावर ते पाणी नदीत सोडतात आणि त्याच पाण्यावर राफ्ट चालतात. पाणी सुटतं सकाळी, म्हणून चांगले राफ्टिंगवाले लोकांना आठ-साडेआठलाच बोलावतात. लाट पुढे निघून गेली की काही तासांत दगड उघडे पडायला लागतात. दुपारी दोनची बॅच विकणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा फोनवरचा माणूस तिथे नव्हताच. दुसराच एक तरुण आला. त्याने आधी उरलेले पैसे घेतले आणि मग म्हणाला, "आज धरणातून पाणी कमी सोडलंय, पूर्ण रूट होणार नाही. तीन किलोमीटर करू." हे खोटं खरं वाटतं, कारण कधीकधी वीजकेंद्राच्या कामामुळे पाणी खरंच सुटत नाही. आम्ही मान डोलावली.

लाइफ जॅकेट मिळाली ती बघून बहिणीचा चेहरा उतरला. एकाचं बक्कल तुटलेलं, त्याला नायलॉनची दोरी. भाच्याला मोठ्या माणसाचं जॅकेट दिलं. खांद्याला धरून वर ओढलं तर ते त्याच्या कानापर्यंत आलं. असं जॅकेट पाण्यात माणसाला तरंगत ठेवत नाही, ते स्वतः वर सरकतं आणि तोंडच झाकतं. हेल्मेट चारच होती. निघण्याआधी ज्या सूचना द्यायच्या असतात, त्यातली एकही दिली नाही. पाण्यात पडलात तर काय करायचं, दोर फेकला तर कसा धरायचा, काही नाही. सोबत दुसरी राफ्ट नाही, कोणी पडलं तर वाचवायला कयाकवाला, म्हणजे छोट्या होडीतला माणूस, नाही.

पंधरा-वीस मिनिटांत राफ्ट खडकावर बसली. गाइड म्हणाला, "उतरा आणि ढकला." माझे यजमान उतरले. पाणी गुडघ्याच्या थोडं वर होतं, पण ओढ होती. तिसऱ्या पावलाला त्यांचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि मागून येणाऱ्या पाण्याने ते पुढे ओणवे झाले. तोंड पाण्याला टेकत होतं. भाऊ आणि त्या गाइडने मिळून त्यांना मागे खेचलं, बूट तिथेच राहिला. अर्धा मिनिट गेला असेल. राफ्टिंगमध्ये वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, पाठीवर तरंगायचं आणि पाय वर, प्रवाहाच्या दिशेने ठेवायचे, हा पहिला धडा असतो. ज्याने तो शिकवायचा, त्यानेच आम्हाला उतरवलं. भाचाही मदतीला उतरायला निघाला होता. बहिणीने त्याचा दंड धरून ठेवला होता, एवढंच.

परतताना टपरीवर चहा घेताना मी पाण्याचा विषय काढला. चहावाले काका म्हणाले, "पाणी रोजच्यासारखंच सकाळी येऊन गेलं की, ताई. दुपारचं कुठलं राफ्टिंग?" तिथेच कळलं की 14 वर्षांखालच्या मुलांना नीट काम करणारे लोक घेतच नाहीत. जाहिरातीतले फोटो भावाने घरी आल्यावर पुन्हा पाहिले. तो ऋषीकेशजवळच्या शिवपुरीला राफ्टिंगला जाऊन आलाय. ते फोटो ऋषीकेशच्या गंगेचे होते.

"सर्व लेव्हल" या शब्दाला मी आता अजिबात भुलणार नाही. रॅपिडची श्रेणी 1 (सोपी) ते 6 (सगळ्यात अवघड) अशी असते, कुंडलिकेत साधारण 2 आणि 3 मिळते. तेव्हा श्रेणी किती, पाणी किती वाजता सुटणार, आणि त्या दिवशी सुटलंच नाही तर पैसे परत की तारीख बदलून, हे आधी लिहून मागा. पैसे घेणारा आणि राफ्ट चालवणारा एकच आहे का, तेही विचारा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रमाणपत्राचा फोटो मागितल्यावर जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे जाऊच नका. आणि किनाऱ्यावर जॅकेट वर ओढून बघा. सरकलं तर पैसे गेले तरी चालतील, राफ्टमध्ये बसू नका.

मी 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. अजून एक रुपयाही परत आलेला नाही. फोनवरच्या माणसाने मला ब्लॉक केलंय. काल बहिणीच्या मोबाईलवर त्याच नंबरची जाहिरात पुन्हा आली, फोटो तेच गंगेचे, येत्या रविवारची दुपारी दोनची बॅच, "फक्त चार जागा शिल्लक".