कोबाल्ट ॲसिटेट टेट्राहायड्रेट, एलआर ग्रेड: ॲसिटिक ॲसिडमधल्या ऑक्सिडेशनला कितपत पुरतं?

कोबाल्ट ॲसिटेट कॅटालिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून वापरून ऑक्सिजनने टोल्युइनपासून बेंझोइक ॲसिड करून बघायचं असेल तर एलआर (साधा प्रयोगशाळेचा) ग्रेड पुरेसं आहे. एआरचे (जास्त शुद्ध, विश्लेषणाच्या ग्रेडचे) जादा पैसे कायनेटिक्स, म्हणजे रिॲक्शनचा वेग, मोजणाऱ्यांनी मोजावेत. रिॲक्शन फसली की सगळे कॅटालिस्टला दोष देतात, पण खरा घोळ बहुतेकदा पाण्याचा असतो, त्याने रिॲक्शन मंदावते.

बाटली उघडताच व्हिनेगरचा हलका वास यावा आणि किरमिजी स्फटिक सुटे पडावेत. ढेकळं झाली असतील तर वजनात नक्की किती कोबाल्ट येतंय याचा भरवसा धरू नये, ईडीटीएने (धातूला घट्ट बांधणाऱ्या रसायनाने) टायट्रेशन करून तपासावं. ०.२५ ग्रॅम पाण्यात विरघळवून हेक्सामिनने पीएच ६ करायचा, झायलेनॉल ऑरेंज हा इंडिकेटर (रंग बदलून शेवट दाखवणारा) घालायचा आणि ४० अंशांपर्यंत कोमट करून ०.१ मोलर ईडीटीए सोडायचं. लालसर रंग पिवळा-केशरी होईतो शुद्ध मालाला १०.०४ मिली लागतं. शेवटी थेंबाथेंबाने जावं, कारण कोबाल्ट इंडिकेटरला सावकाश सोडतं. लेबलवर ९८ टक्के लिहिलं असेल तर ९.८४ मिलीच्या खालचा माल परत करावा. क्लोराइडची मर्यादा मात्र बऱ्याच लेबलांवर छापलेलीच नसते. नायट्रिक ॲसिड घालून सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की दूध फाटल्यासारखं होतंय का ते दिसतं.

आता पाणी. या मिठाच्या, म्हणजे कोबाल्ट ॲसिटेट टेट्राहायड्रेटच्या, वजनात २८.९ टक्के पाणीच आहे. १०० मिली ग्लेशियल (जवळपास बिनपाण्याच्या) ॲसिटिक ॲसिडमध्ये २.५ ग्रॅम मीठ घातलं की ०.७२ ग्रॅम पाणी फुकटात येतं. ते मारायला सुमारे ४.१ ग्रॅम ॲसिटिक ॲनहायड्राइड लागतं. ५०-६० अंशांवर मीठ विरघळल्यावर ते हळूहळू घालावं. सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटतं आणि मग अचानक तापतं, म्हणून घाई नको. टोल्युइन आणि ऑक्सिजन त्यानंतरच.

त्यात १.०३ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड आणि ९.२ ग्रॅम टोल्युइन घालून ९० अंशांवर ऑक्सिजन सोडावा. द्रावण कोरडं असेल तर ब्रोमाइडमुळे रंग निळ्याकडे झुकतो, पाणी वाढलं की परत गुलाबी. हाच आपला फुकटातला ओलावामापक! रिॲक्शन स्वतःही पाणी तयार करते, ०.१ मोल टोल्युइनमागे १.८ ग्रॅम. म्हणजे ॲनहायड्राइडचा उपयोग फक्त सुरुवात झटपट व्हावी म्हणून, शेवटचा टप्पा रेंगाळणारच.

ब्रोमाइडचं काम काय? कोबाल्ट(III), म्हणजे कोबाल्ट(II) चं ऑक्सिडाइझ झालेलं रूप, त्याचं ब्रोमीन रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेला, फार क्रियाशील अणू) करतं आणि ते मिथाइल गटातला हायड्रोजन ओढून घेतं. ब्रोमाइडशिवायही चालतं, पण कोबाल्ट भरपूर लागतं आणि सुरुवातीला बराच वेळ द्रावण गुलाबीच राहतं. गडद हिरवं झालं की कोबाल्ट(III) जमलं असं समजावं. अर्धा ग्रॅम बेंझाल्डिहाइड घातलं तर ही वाट पाहणं कमी होतं, कारण ऑक्सिजनमुळे त्यापासून पेरॲसिड बनतं आणि ते कोबाल्ट(II) चं कोबाल्ट(III) करतं. तरीही हलेना, तर रबरी बूच काढून काचेचा जॉइंट बसवावा. रबरातले अँटिऑक्सिडंट रॅडिकल गिळतात.

पॅरा-झायलीनपासून पीटीए (पॉलिएस्टरसाठी लागणारं शुद्ध टेरेफ्थॅलिक ॲसिड) करणारे मोठे प्लांट (पाताळगंगेला ते बनतंच) मँगनीजही घालतात. त्याने वेग वाढतो आणि ॲसिटिक ॲसिड जळून वाया जाणं कमी होतं. ९० अंशांच्या फ्लास्कला त्याची गरज नाही. ब्रोमाइड असलेलं द्रावण स्टीलमध्ये मात्र नको. प्लांटवाले उगाच टायटॅनियमवर खर्च करत नाहीत.

ॲसिटिक ॲसिडचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) ४० अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे ऑक्सिजनसोबत काम म्हणजे फ्यूम हूड, शील्ड आणि जवळपास ठिणगी नाही. मिठाची पूड श्वासात जाऊ देऊ नये, हातमोजे हवेतच. उरलेलं द्रावण सिंकमध्ये नाही, धातूच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये.

माल म्हणून पाचपैकी चार. एक गुण कापला तो आतलं सील नसलेल्या झाकणासाठी.